दुसऱ्या गियरमधला चोर

१

नोटीस बुधवारी सकाळी फळ्यावर लागली आणि बुधवारी सकाळीच आमच्या हिने ती टाचणीसकट उपटून घरी आणली.

डायलिसिस केंद्राचा फळा तो. समोरच्या बाकावर रुग्ण तासन् तास बसलेले असतात, त्यांना वाचायला दुसरं काही नसतं. त्यांच्या नाकासमोर मॅनेजरने टाइप करून लावलं होतं : ‘वाहन क्रमांक दोनच्या चालकाने रेडिएटरमध्ये पाणी न भरता गाडी घाटात नेल्यामुळे इंजिन जळाले व चार रुग्णांचे हाल झाले. सबब चालकास कामावरून दूर करण्यात येत आहे.’

तो चालक म्हणजे आमचा जावई.

मी स्वतः चाळीस वर्षं लॉरी चालवली आहे. एकदा उतारावर ब्रेक गेले तेव्हा समोरच्या वाऱ्याला अशा शिव्या हासडल्या की वाराच आडवा आला आणि गाडी थांबली. पण आमची ही तापलेली असताना तिच्यासमोर उभं राहायची हिंमत मला अजून झालेली नाही. एकतीस वर्षं तिने स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळला. डोळे मिटून हातात नट दिला तर कुठल्या गाडीचा, कुठल्या बाजूचा आणि कुठल्या गाढवाने आवळलेला, हे सांगायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आवाज मात्र अजून काउंटरपलीकडच्या गर्दीला ऐकू जाईल असाच.

जावई आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात दुसरा कागद, हातात पेन.

“हे काय?” हिने विचारलं.

“माफीनामा. शनिवारी अकरापर्यंत सही करून दिली तर गेटवर ठेवतो म्हणालेत. वॉचमन म्हणून.”

“काय लिहिलंय त्यात?”

“पाणी भरलं नव्हतं असं.”

“भरलं होतंत?”

“रोज भरतो.”

“मग हातात पेन कशाला?”

जावई मुळात कमी बोलणारा. त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आई, शेवटची दोन वळणं मी तापमानाचा काटा लालमध्ये असताना काढली. मागच्या सीटवरच्या आजोबांना चक्कर येत होती. ऊन रणरणतं, कुठे झाडाची सावली नाही. थांबायला हवं होतं, थांबलो नाही. इंजिन माझ्याच हातून गेलं.”

अकरा वर्षं ही या माणसात खोट काढत आलीये. दार आपटतो, पाहुण्यांत बोलत नाही, चहा गार करून पितो. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. सोडलंच, पण भलत्याच दिशेला.

“जी चूक केलीत तिच्यावर खुशाल सही करा, जावईबापू. न केलेल्या चुकीवर केलीत तर या घराची पायरी चढायची नाही! पाणी होतं आणि गाडी तापली. म्हणजे तिथे तिसरं काहीतरी आहे. शनिवारपर्यंत मी ते शोधून काढते. पेन इकडे द्या.”

तिने पेन घेतलं आणि अंबाड्यात खोचलं. मला म्हणाली, “चपला घाला. आणि तोंड बंद ठेवायचं.”

२

उस्तादच्या गॅरेजमध्ये गाडी बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाचं डोकं काढून बाकावर ठेवलेलं, शेजारी जळलेलं गॅस्केट. उस्ताद त्याच्याकडे असा बघत होता की जणू घरातलं कोणी गेलंय.

“या मावशी. जावयाची वकिली करायला आलात?”

“गाडीची वकिली करायला आलेय. बोल, काय काय केलंस हिचं?”

“सगळं केलं!” उस्ताद एकदम भडकला. “पंधरा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग केलं. पट्टा नवा, खालचा रबरी होज नवा, कूलंट नवं. आठवड्याने तुमचा जावई आला, म्हणे चढावर तापते. तासभर इथे चालू ठेवली. काटा निम्म्यावर, ढिम्म हलला नाही. तरी मी थर्मोस्टॅट बदलला. परत आला, म्हणे तापते. परत तासभर चालू ठेवली. काटा निम्म्यावर! रेडिएटर उघडून धुतला, गळती नाही, पंखा चालू. आता गाडी तापते ती ड्रायव्हरच्या डोक्यात, त्याला मी काय करू?”

“पंखा उलटा फिरत असेल,” मी म्हणालो. “माझ्या लॉरीचा एकदा उलटा फिरला होता. गाडी रात्रभर मागे चालली...”

“अहो.”

हिने माझी बाही ओढली. उस्तादने मात्र माझी शंका फुकट घालवली नाही. म्हणाला, “काका, तेही बघितलंय. जाळीसमोर कागद धरला. चिकटून बसला. पंखा हवा आत ओढतोय, सरळ आहे.”

हिने पर्समधून छोटी वही काढली. “काल गाडी ओढून आणली तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी किती होतं?”

“निम्मं. म्हणून तर म्हणतो!”

“उकळून बाहेर गेलं असेल की नाही निम्मं?”

उस्ताद अडखळला. “असेल. पण आधीच कमी होतं की नंतर झालं, हे कोण सांगणार?”

“सांगेल कोणीतरी. जावयाने चढावर केबिनचा हीटर लावून बघितला होता, माहीत आहे? इंजिनाची गरमी बाहेर काढायला. हवा गार आली.”

“बघा! गार हवा म्हणजे हीटरपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणजे पाणी नव्हतं!”

“किंवा पाणी होतं आणि फिरत नव्हतं.”

“पंप मी हाताने तपासलाय, मावशी.” उस्तादचा आवाज खाली आला, आणि तो आवाज आधीच्या ओरडण्यापेक्षा जास्त रागीट होता. “माझ्या कामात लबाडी नसते. काढलेला प्रत्येक जुना पार्ट मी गिऱ्हाइकाला परत देतो. जसा निघाला तसा, पुसतसुद्धा नाही. पिशवीत घालायचा, गाठ मारायची, वर चिठ्ठी. माझ्या वस्तादाची शिकवण आहे. या गाडीची पिशवीही केंद्राच्या स्टोअरमध्ये पडलीये. जा, बघा.”

मग त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांमधून एक ओढून काढली आणि हिच्या हातात कोंबली. “आणि हे पण बघा. तुमच्या मॅनेजरचं अक्षर.”

चिठ्ठीवर होतं : ‘गाडी नं. दोन चढावर तापते. दुसऱ्यांदा तक्रार. बघून घेणे.’

खाली मागच्या शुक्रवारची तारीख. म्हणजे गाडी तापते हे मॅनेजरला चार दिवस आधी माहीत होतं. आणि तरीही मंगळवारी त्याने तिच्यात चार आजारी माणसं बसवली होती.

३

मॅनेजरच्या टेबलावर काच होती, काचेखाली सुट्ट्यांची यादी होती आणि काचेवर कोपरं ठेवून मॅनेजर बसला होता.

“चौकशी पूर्ण झालेली आहे,” तो म्हणाला.

“कोणी केली?”

“मी.”

“गाडी तापते हे माहीत असून पाठवली कोणी?”

“मेकॅनिकने गाडी ठीक असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे दोष चालकाचा. शिवाय साक्षीदार आहे.” त्याने फाइलमधून कागद काढला, पण हातात दिला नाही, लांबूनच दाखवला. “बदली ड्रायव्हरने लिहून दिलंय. मंगळवारी सकाळी सहा वाजता, गाडी निघताना, पाणी न तपासता ती बाहेर काढलेली त्याने डोळ्यांनी पाहिली.”

“मला स्टोअरमधली जुन्या पार्टची पिशवी बघायचीये.”

“ती संस्थेची मालमत्ता आहे.”

“जुना रबरी पाइप मालमत्ता, आणि माणसाचं नाव फळ्यावर?”

“बाई, आवाज खाली. इथे रुग्ण आहेत.”

“तेच म्हणतेय मी. रुग्ण आहेत!”

बाहेर पडताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढ्या की मी खिशातली विडी पेटवायला काडी शोधतोय हे विसरलोच. तिथेच पेटवता आली असती.

बदली ड्रायव्हर गाड्या लावायच्या जागी टायरवर बसून दाढीचा खुंट कुरवाळत होता. तिशीतला माणूस. दोन वर्षं बदलीवरच काढलेली. मला पहिल्यापासून त्याचा संशय होता. रेडिएटरमध्ये यानेच काहीतरी कोंबलं असणार, असं मी रस्त्याने हिला तीनदा सांगितलं होतं. एकदा तर कोंबलेल्या वस्तूचं नावही सांगितलं होतं.

“तुम्ही ही गाडी चालवलीये?” हिने त्याला विचारलं.

“हो, दोनदा. सर्व्हिसिंगनंतर. खाली गावात औषधं आणायला. अजिबात नाही तापली. चालवायची अक्कल पाहिजे.”

“सपाट रस्त्यावर.”

“रस्ता रस्ता असतो, मावशी.”

“बरं. मंगळवारी सहा वाजता तुम्ही गाडी निघताना पाहिलीत. कुठून?”

“इथूनच की. मी इथेच उभा होतो.”

“इथून.” हिने वहीत काहीतरी लिहिलं. फार सावकाश लिहिलं. “गाडी रात्री कुठे असते?”

त्याची नजर आपसूक डोंगराकडे गेली.

“वर असते,” ही म्हणाली. “डोंगरावर, माझ्या जावयाच्या दारात. कारण रुग्ण वर राहतात. सकाळी सहाला वरून निघते, सव्वासातला इथे येते. सहा वाजता इथे उभं राहून तुम्हाला डोंगरावरच्या गाडीचं बॉनेट दिसलं? दुर्बीण आहे का? एकदा आमच्या यांना द्या, चष्मा हरवलाय त्यांचा.”

टायरवरून तो उठला. मान खाली. “साहेबांनी टाइप करून आणलं होतं. म्हणाले, सही कर, शनिवारपासून दोन नंबर तुझी.”

“आणि तुम्ही केलीत! रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं नाहीत आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय दिलात!”

मी तिला हळूच म्हणालो, “मग यानेच केलंय की नाही सगळं?”

“नाही हो. याने खोटं सांगितलं, गाडी नाही बिघडवली. आणि खोटी साक्ष उघडी पडली म्हणून गाडीचं दुखणं कळत नाही. मॅनेजर दुसरा साक्षीदार टाइप करेल.” मग तिने त्याला थांबवलं. “शनिवारी दोन वाजता चौघांना घेऊन वर तुम्हीच जाणार ना?”

“हो. गाडी दुरुस्त होऊन येतेय.”

“दुरुस्त नाही होत आहे ती. जे जळलं तेवढंच बदललं जातंय. ज्याने जाळलं ते आत तसंच बसलंय. शनिवारी घाटात तुमच्या हातात असेल ते.”

४

गुरुवारी रुग्ण भाड्याच्या जीपने आले. चौघांतल्या मास्तरीणबाई पुढच्या सीटवर बसायच्या, काट्यासमोर. सडपातळ, सत्तरीच्या, आणि हिच्याइतक्याच तापट. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो.

“दोन दिवस झाले, मला कोणी विचारलं नाही!” त्या कडाडल्या. “तीन तास वर घाटमाथ्यावर रस्त्याच्या कडेला दगडावर बसवलं, आणि चौकशी म्हणे पूर्ण झाली! पस्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. समोर काटा असताना मी काय खिडकीबाहेरचे ढग मोजेन?”

“सांगा ना, बाई. काटा कधी चढायचा?”

“गाडी ओरडायला लागली की.”

“चढावर?”

“चढावर नव्हे. नीट ऐका, वर्गात पण मुलं हेच करतात. चढावर म्हणालेच नाही. ओरडायला लागली की! दुसऱ्या गियरमध्ये टाकली की इंजिन किंचाळायचं आणि काटा वर. मग तुमचा जावई तिसरा टाकायचा, गाडी कण्हत कण्हत कशीबशी जायची, चढ तोच, माणसं तीच, ऊन तेच. आणि काटा खाली! तीन वेळा बघितलं मी. मंगळवारी शेवटची वळणं इतकी उभी की तिसऱ्यात गाडी बंद पडायला लागली. मग दुसऱ्यातच ठेवावी लागली त्याला.”

ही वहीत लिहायची थांबली.

“आणि पाणी?” मी विचारलं.

“त्याआधीच्या शनिवारी तापली तेव्हा आम्ही अर्धा तास थांबलो. गार झाल्यावर त्याने झाकण उघडलं. मी उभी होते शेजारी, पाय मोकळे करत. काठोकाठ. वर ओतलं ते सगळं माझ्या चपलांवर सांडलं. भरलेल्या भांड्यात ओतलं की सांडतं, हे कळायला मेकॅनिक लागत नाही.” त्यांनी हिच्याकडे रोखून बघितलं. “त्या मुलाने काही केलेलं नाही. त्या आजोबांना त्याने वर सावलीत पोचवलं म्हणून ते आज इथे आत पलंगावर आहेत. आणि फळ्यावर त्याचं नाव? काल आमची पाळी नव्हती म्हणून, नाहीतर मीच फाडला असता तो कागद.”

घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. ती रागावली की बोलते. बोलत नाही तेव्हा काय होतं, हे मी लग्नानंतर दोनदाच पाहिलंय.

५

“सांगा,” ती दारातच म्हणाली. “पंप इंजिनावर फिरतो. इंजिन जोरात तर पंप जोरात. बरोबर?”

“बरोबर.”

“मग इंजिन किंचाळतं तेव्हा पाणी जास्त फिरायला हवं. इथे उलटं. हळू चालवली की पाणी फिरतं. उस्तादकडे तासभर उभी ठेवली, हळू. तो बदली ड्रायव्हर गावात गेला, सपाटीला, हळू. जावयाने तिसरा टाकला, हळू. सगळीकडे काटा खाली. दुसऱ्यात जोरात फिरवली की काटा वर आणि हीटरला गार हवा. पाणी आहे, पंप आहे, पण नेमकं गरज असते तेव्हाच वाट बंद. आणि थांबून बॉनेट उघडलं की वाट उघडी! असा कोण चोर आहे हो, जो आपण पळत असतानाच चोरी करतो आणि थांबलो की साळसूदपणे हात बांधून उभा राहतो?”

“माझ्या लॉरीत एकदा...”

“लॉरी राहू दे! थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, ते अडकलं असतं तर अडकलेलंच राहिलं असतं. रेडिएटर तुंबला असता तर तो थांबल्यावर मोकळा झाला नसता. वेगाने बंद होतं, वेग गेला की उघडतं. असं काय असतं?”

मी हातातल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायलो आणि गंमत म्हणून रिकामी बाटली तोंडाने तशीच ओढली. बाटली आत चेपली. सोडली, तर पुन्हा ट्टक करून फुगली.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कामाचं काहीतरी केलंत,” आणि चपला घालून निघालीसुद्धा.

दुकानात तिच्या जुन्या काउंटरवर नवा माणूस होता. हिने दोन नंबर गाडीचा खालचा होज मागितला. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे पाणी ओढून नेणारा, हातभर लांबीचा जाड रबरी पाइप. त्याने कपाटातून काढून दिला. हिने त्यात दोन बोटं घातली. मग मनगट फिरवलं. मग चेहरा बदलला.

“स्प्रिंग कुठाय?”

“कसली स्प्रिंग?”

“याच्या आत तारेचं वेटोळं असतं. पंप जोरात ओढतो तेव्हा रबर आत चेपू नये म्हणून. कंपनीने सहा वर्षांपूर्वी ते द्यायचं बंद केलं, नुसता होज येतो. जुन्यातली स्प्रिंग काढून नव्यात घालायची असते. मी इथे बसायचे तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानात ओरडायचे!”

“मला कोणी सांगितलं नाही, बाई.”

ती ओरडणार होती. हात काउंटरवर आपटायला उचललासुद्धा. मग खाली ठेवला. दुकान सोडताना हा निरोप नव्या माणसाला द्यायचा आपल्याकडूनच राहिला, हे तिला त्या क्षणी समजलं असावं. निघताना त्या माणसाला म्हणाली, “आता मी सांगितलं. विसरलात तर रोज येऊन बसेन इथे.”

६

शनिवारी पावणेअकराला उस्ताद स्वतः गाडी घेऊन आला. इंजिन गरम, काटा निम्म्यावर. मॅनेजर पायरीवर. बदली ड्रायव्हर चावीची वाट बघत. चारही रुग्ण आत होते, पण मास्तरीणबाईंनी आपला पलंग खिडकीशी ओढून घेतला होता. जावई माझ्याशेजारी उभा होता. माफीनामा मॅनेजरच्या हातात.

“अकरा वाजताहेत,” मॅनेजर म्हणाला.

“पेन माझ्याकडे आहे,” ही म्हणाली. “उस्ताद, गाडी चालू ठेव. वरची नळी चांगली चटका देते ना? म्हणजे थर्मोस्टॅट उघडलाय. आता बॅटरीवर चालणारा दिवा घे आणि खाली सरपट.”

“कशाला?”

“खालचा होज बघायला. वरून दिसत नाही, बॅटरीचं खोकं आड येतं. तू कधी जोरात फिरवून खालून बघितलास?”

“होज मी स्वतः बसवलाय. क्लिपा स्वतः आवळल्यात.”

“मी क्लिपांचं विचारलं नाही.”

“मावशी, माझ्या कामावर शंका घेता? सगळ्यांसमोर?”

“माझ्या जावयावर घेतलीस तेव्हा कोण नव्हतं समोर? सरपट!”

उस्ताद दात खात खाली गेला. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. हिने बदली ड्रायव्हरला सीटवर बसवलं. “मी हात वर केला की दाबायचं. दुसऱ्या गियरमध्ये घाट चढताना ओरडते तेवढं. हात खाली केला की सोडायचं.”

तिने हात वर केला. इंजिन किंचाळायला लागलं.

“दिसतोय होज!” उस्ताद खालून ओरडत होता. “काही झालेलं नाही! गळत नाही, हलत नाही, उगाच माझा वेळ...”

आणि तो गप्प झाला.

हिने हात खाली केला. इंजिन शांत. बूट हलले नाहीत. तिने पुन्हा हात वर केला. पुन्हा किंचाळी. पुन्हा खाली. असं चार वेळा. पाचव्या वेळी उस्तादच म्हणाला, “बस करा.”

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर तेलाचा डाग होता आणि त्याखाली रंग म्हणून नव्हता.

“काय दिसलं?” मॅनेजरने विचारलं.

“चेपतोय,” उस्ताद म्हणाला. “दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखा आत ओढला जातोय. सोडलं की फुगतो. पाणी वर जायची वाटच राहत नाही.” मग तो मॅनेजरकडे वळला आणि त्याच्या अंगावर ओरडला, “पिशवी आणा! माझी पिशवी आणा स्टोअरमधून!”

“ती संस्थेची...”

“आणा म्हणतो ना!”

७

पिशवीची गाठ उस्तादनेच मारलेली, त्यालाच सोडवता येईना. शेवटी दाताने सोडवली. वरची चिठ्ठी बाजूला केली, पट्टा बाजूला, थर्मोस्टॅट बाजूला. जुना होज त्याने उभा धरला आणि फरशीवर आपटला. तिसऱ्या आपटण्याला आतून गंजकट तारेचं वेटोळं अर्धं बाहेर आलं आणि तिथेच लटकत राहिलं.

सगळे वाकून बघायला लागले. मीसुद्धा.

“या गाडीचा होज पहिल्यांदाच बदलला मी,” उस्ताद म्हणाला. “बाकी गाड्यांचे होज आयुष्यभर स्प्रिंगसकट हातात येत होते. आत बघायची सवयच नाही. आणि जुना जसा निघाला तसा पिशवीत. हलवायचा नाही, पुसायचा नाही. दुसरा कोणी भुरटा मेकॅनिक असता ना, मावशी, तर चार फुटकळ कामांना उपयोगी पडेल म्हणून त्याने जुना होज ठेवून घेताना आधी उलटापालटा केला असता, आणि स्प्रिंग त्याच्या हाताला लागली असती. माझा प्रामाणिकपणाच...” त्याने स्वतःच्या मांडीवर मूठ मारली. जोरात.

मॅनेजर खाकरला. “ठीक आहे. तांत्रिक गैरसमज होता. मिटलं. हा माफीनामा मी फाडतो, चालकाने सोमवारपासून यावं.”

“मिटलं?” ही पायरी चढली. मॅनेजर नकळत एक पायरी वर सरकला. “फळ्यावर जाहीर करून घालवलंत आणि पायरीवर कानात सांगून परत घेताय? गाडी तापते अशी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिलीत आणि तिच्यात आजारी माणसं बसवलीत! डोंगरावरची गाडी इथून दिसणारा साक्षीदार टाइप केलात! चूक उस्तादची झाली, ती चूक होती. तुम्ही केलंत ती चूक नव्हती.”

“बाई, तुम्ही...”

“तो कागद इकडे द्या,” उस्ताद मध्येच म्हणाला.

मॅनेजरच्या हातातून त्याने माफीनामा घेतला, उलटा केला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि हिच्यापुढे हात केला. हिने अंबाड्यातून पेन काढून दिलं. उस्तादने लिहिलं. अक्षर मोठं, बोजड, मध्येच तेलाचा अंगठा. ‘खालच्या होजमध्ये स्प्रिंग घालायची माझ्याकडून राहिली. त्यामुळे गाडी तापली. ड्रायव्हरने दोनदा सांगितले, मी ऐकले नाही. त्याने पाणी भरले होते.’ खाली सही.

मग तो कागद त्याने मॅनेजरला परत दिला नाही. आत गेला आणि फळ्यावर लावला. खिडकीतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, “मोठ्याने वाचा! मागच्या पलंगावर चष्मा नाहीये!” आणि आयुष्यात कोणाचं ऐकून न घेतलेल्या उस्तादने तो कागद मोठ्याने वाचला. मग मास्तरीणबाईंनी मॅनेजरलाही गाडी तापत असल्याची ती चिठ्ठी वाचायला लावली, त्याची स्वतःची. त्याचा आवाज मागच्या पलंगापर्यंत पोचला नाही, तेव्हा त्यांनी ती परत वाचायला लावली. तेवढ्यात बदली ड्रायव्हरने चावी जावयाच्या तळहातावर ठेवली. वर बघितलं नाही. जावयाने मूठ मात्र मिटली.

दीड वाजता स्प्रिंग होजमध्ये होती. उस्तादने ती घासून, धुऊन घातली आणि नंतर पाच वेळा खाली सरपटून, इंजिन किंचाळायला लावून बघितलं.

दोन वाजता गाडी निघाली. मागे जागा होती म्हणून मी बसलो, मी बसलो म्हणून ही बसली, आणि हिच्याआधी उस्ताद येऊन बसला होता, त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. मास्तरीणबाई पुढे. आजोबा माझ्या खांद्यावर मान टाकून.

शेवटची वळणं आली. तिसऱ्यात गाडी धापा टाकायला लागली तसा जावयाने दुसरा टाकला. इंजिन ओरडायला लागलं. आत सगळे एकदम पुढे वाकले. उस्ताद दोन सीटच्या मधून, ही माझ्या खांद्यावरून, मास्तरीणबाई चष्मा नाकावर खाली ओढून. आजोबांनीसुद्धा एक डोळा उघडला.

जावयाने आरशात बघितलं.

“सगळे मागे टेकून बसा,” तो म्हणाला. अकरा वर्षांत मी त्याचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. “काट्याकडे बघायचं काम माझं आहे.”

आम्ही टेकून बसलो.